पेटीबाहेरची आई

(कमी दिवसांच्या बाळांच्या संगोपनावरील पुस्तिकेची प्रस्तावना)

नवजात शिशू कक्षाच्या दाराबाहेर एक बाक असतो. त्यावर एखादी आजी बसलेली असते, पायाशी जेवणाचा डबा. शेजारी कानाला रुमाल बांधलेली बाळंतीण, भिंतीला टेकून. विचारलं तर आजी सांगते, "नातू झालाय, पण सातमाशी. पेटीत ठेवलाय." इन्क्युबेटर असो, वॉर्मर असो, लोकांच्या तोंडी शब्द एकच, पेटी. कुठे कुठे 'काचेत ठेवलंय' असंही म्हणतात. या एका शब्दात कुटुंबाची सगळी समजूत मावते. बाळाला जगवायचं काम आता पेटीचं, आपलं काम बाकावर बसून वाट बघायचं.

तीस वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होतो, त्यामुळे ही समजूत लोकांना कोणी दिली हे मला चांगलं ठाऊक आहे. ती आम्हीच दिली. दिवसातून दोनदा आईला आत सोडायचं, तिने हात धुवायचे, लांबूनच बघायचं आणि दोन मिनिटांत बाहेर जायचं. बाळाला जंतुसंसर्ग होऊ नये हा त्यामागचा हेतू. एकदा एका बाळंतिणीने मला विचारलं, "डॉक्टर, मी हात लावला तर त्याला काही होईल का?" मी म्हणालो, "सध्या नको." तिने हात पदराखाली घेतला. त्या उत्तराला तेव्हा माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. विरुद्ध बाजूचा पुरावा मात्र जगात जमू लागला होता.

ही पुस्तिका लिहिणाऱ्या सिस्टर माझ्याच कक्षात काम करत होत्या. प्रस्तावना लिहा असं त्या म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, आतली माहिती त्यांनी इतकी नीट दिली आहे की मी फक्त तिच्या मागची गोष्ट सांगावी.

आधी थोडं बाळाविषयी. गर्भारपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं, आणि जन्मतः अडीच किलोंपेक्षा कमी भरलेलं ते कमी वजनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, म्हणजे दर दहांत एक. त्यांतली तीस लाखांच्या आसपास भारतातली होती. हा आकडा इतर कुठल्याही देशापेक्षा मोठा आहे.

अशा बाळाचा पहिला शत्रू थंडी. बाहेर ऊन रणरणत असलं तरी दीड किलोचं बाळ थंड पडू शकतं. अंगावर चरबीचा थर चढतो तो गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत, आणि तेच आठवडे याला मिळालेले नसतात. कातडी पातळ, वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ जास्त, आणि पूर्ण दिवसांच्या बाळासारखं हातपाय पोटाशी घेऊन पडून राहण्याइतका स्नायूंत जोर नाही. अंगातली ऊब सगळीकडून निसटते. मग ती भरून काढायला बाळ रक्तातली साखर आणि ऑक्सिजन खर्च करतं. साखर उतरते, श्वास अडखळतो, दूध ओढायला त्राण उरत नाही. दूध नाही म्हणून ऊब नाही आणि ऊब नाही म्हणून दूध नाही, या फेऱ्यात ते सापडतं.

ऊब हवी हे माणसाला फार पूर्वीपासून कळलेलं होतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवत, खोलीची दारंखिडक्या लावून घेत, बाळाला कुंची-दुपट्यात गुंडाळून ठेवत. त्यातला धूर वाईटच होता, पण ऊब राखायची ही जाण खरी होती. मात्र त्याच बाळंतिणीच्या खोलीत जन्मल्या जन्मल्या बाळाला न्हाऊ घालण्याचीही रीत होती, आणि मिळवलेली ऊब त्या घंगाळात जायची. शिवाय 'सातमाशी जगतं, अठमाशी जगत नाही' ही म्हण घरोघरी होती. वस्तुस्थिती तिच्या उलट आहे. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूने असतो. पण त्या म्हणीपायी किती अठमाशी बाळांची आशा आधीच सोडून दिली गेली असेल, कोण मोजणार?

पेटीचा जन्म पॅरिसमधला. १८८० च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं आणि तसंच माणसाच्या बाळासाठी करून घेतलं. त्याने कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले. तार्निएचा शिष्य पिएर ब्युदाँ याने पेटीचा प्रसार केला, पण त्याला एक गोष्ट खटकत होती. बाळ पेटीत आणि आई घरी असं झालं की दूध आटतं, आणि काही आया पुढे बाळाला न्यायला फिरकतही नाहीत. आईला बोलवा, तिलाच पाजू द्या, असं तो सांगत राहिला. पुढे यंत्र जगभर गेलं, त्याचं हे सांगणं मात्र मागे पडलं. अमेरिकेत तर मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षं न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत पेट्यांतली बाळं मांडली. लोक तिकीट काढून बघायला येत. त्या पैशावर बाळांची शुश्रूषा चाले आणि हजारो बाळं वाचली. रुग्णालयं ज्यांना घ्यायला तयार नव्हती ती बाळं जत्रेत वाचली, हे कूनीच्या बाजूने सांगायलाच हवं. तरी चित्र डोळ्यांसमोर आणा. काचेच्या आत बाळ, बाहेर तिकीट काढून आलेली गर्दी, आणि आईची जागा त्या चित्रात कुठेच नाही.

ही जागा पुन्हा सापडली ती गरजेपोटी. कोलंबियाची राजधानी बोगोता, तिथलं इन्स्टिट्यूटो मातेर्नो इन्फांतिल हे गरिबांचं मोठं प्रसूती रुग्णालय. १९७८ साल. पेट्या कमी, बाळं फार. एकेका पेटीत दोन-तीन बाळं झोपवावी लागत. एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. बाळं दगावत, काही रुग्णालयातच सोडून दिली जात. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी उपाय काढला तो असा. बाळ जरा सावरलं की त्याला उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायचं, फक्त आईचं दूध द्यायचं, आणि वजन भरण्याची वाट न बघता लवकर घरी पाठवून नेमाने तपासत राहायचं. पुढल्याच वर्षी डॉ. एक्तोर मार्तिनेझ त्यांना येऊन मिळाले. या उपायाला 'कांगारू पद्धत' हे नाव पडलं, आणि ते चपखल आहे. तांबड्या कांगारूचं पिलू साधारण ३३ दिवसांत जन्मतं, तेव्हा ते एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. आंधळं, केस नसलेलं ते पिलू स्वतः सरपटत पिशवीत जातं, आचळाला धरतं आणि पुढचे कित्येक महिने तिथेच वाढतं. उरलेलं गर्भारपण पोटाबाहेर, पण आईच्याच अंगावर.

इथवरची गोष्ट आपल्याकडच्या बऱ्याच लेखांत येते आणि तिथेच 'मायेची ऊब' वगैरे लिहून संपते. खरी गोष्ट तिथून सुरू होते, कारण बोगोताच्या दाव्यांवर पुढे जी शंका घेतली गेली ती रास्त होती. १९८५ साली 'द लॅन्सेट'मध्ये दोन ब्रिटिश डॉक्टरांनी ती मांडली. छातीवर कोणतं बाळ ठेवलं जातं? जे सावरलेलं आहे ते. नाजूक बाळं तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच जातात. ती हिशेबात धरलीच नाहीत, तर उरलेली जगणारच. मग श्रेय कांगारूचं कसं?

मला ही शंका फार मोलाची वाटते. तिच्यामुळे हा उपचार भाबडेपणातून बाहेर आला. डॉ. नताली शारपाक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून बोगोतातच रीतसर तुलना केली. कोणत्या बाळाला कोणती पद्धत हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून सातशेहून अधिक बाळांचा माग ठेवला. निष्कर्ष निघाला की छातीवरची बाळं पेटीतल्या बाळांपेक्षा कुठे कमी पडली नाहीत, स्तनपानात पुढेच राहिली आणि रुग्णालयातला मुक्कामही कमी झाला. त्यांतली बरीच मुलं वीस वर्षांनी पुन्हा शोधून तपासली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत कांगारू गटातल्या तरुणांमध्ये अतिचंचलता आणि आक्रमकता कमी दिसली, शाळेतली गैरहजेरीही कमी होती. दरम्यान इतर देशांतल्या चाचण्यांतून सावरलेल्या बाळांपुरता प्रश्न सुटला. छातीवर ठेवल्याने मृत्यू कमी होतात, हे निश्चित झालं.

पण १९८५ ची शंका पुरती मिटली नव्हती. न सावरलेल्या बाळाचं काय? सावरेपर्यंत थांबायचं म्हटलं तर जी जायची ती त्याआधीच जातात. जन्मल्याबरोबर छातीवर घेतलं तर? या प्रश्नासाठी जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांत प्रत्येकी एका रुग्णालयात चाचणी केली. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते पावणेदोन किलोच्या थोडं वरपर्यंतची ३,२११ बाळं. निम्म्यांना जन्मल्यावर लगेच छातीवर घेतलं, निम्म्यांना तेव्हाच्या शिरस्त्याप्रमाणे सावरल्यावर. पहिल्या गटातली बाळं अतिदक्षता कक्षात असताना दिवसाचे सरासरी सतरा तास कोणाच्या ना कोणाच्या छातीवर होती, दुसऱ्या गटातली जेमतेम दीड तास. २८ दिवसांत दुसऱ्या गटातली १५.७ टक्के बाळं दगावली, पहिल्यातली १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवायला लावली. आता दुसऱ्या गटाला हा लाभ नाकारणं तिला योग्य वाटेना. २०२१ च्या मे महिन्यात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साध्या भाषेत सांगायचं तर, सावरण्याची वाट न बघता सुरुवात केली की दर २७ बाळांमागे एक जास्तीचं बाळ वाचतं.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. कमी दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लगेच, दिवसाचे ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं छातीवर ठेवावं. ज्याला स्वतःहून श्वासच घेता येत नाही, जे व्हेंटिलेटरवर आहे किंवा ज्याचं रक्ताभिसरण ढासळलं आहे, तेवढी बाळं सोडून. म्हणजे 'आधी सावरू दे, मग आईकडे देऊ' हे वाक्य आता उलटलं आहे. सावरावं म्हणूनच आईकडे द्यायचं.

हे घडतं कसं? आईची छाती बाळाच्या गरजेप्रमाणे थोडी तापते, थोडी निवते. कोणी बटण फिरवावं लागत नाही. उभ्या स्थितीत श्वास मोकळा राहतो. आईचा श्वास आणि हृदयाचे ठोके बाळाला सतत डिवचत राहतात, त्यामुळे श्वास मध्येच थांबण्याचं प्रमाण घटतं. आईच्या कातडीवरचे निरुपद्रवी जंतू बाळावर वस्ती करतात आणि रुग्णालयातल्या चिवट जंतूंना जागा उरत नाही. आम्ही ज्या आईला जंतूंच्या भीतीने बाहेर ठेवत होतो तिचेच जंतू बाळाला हवे होते! आणि दूध. बाळ अंगाशी असलं की पान्हा फुटतो, हे आपल्या भाषेला आधीपासून माहीत आहे. चौतीस आठवड्यांच्या आतलं बाळ ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ सहसा घालू शकत नाही. म्हणून पिळून काढलेलं दूध नळीने किंवा वाटी-चमच्याने द्यायचं. जुन्या घरांतलं बोंडलं आठवतं? चोच असलेली ती छोटी वाटी. तिचाच भाऊबंद आज नवजात कक्षांत वापरतात, उकळून निर्जंतुक करून.

करायची रीत पुस्तिकेत चित्रांसह आहे. मी एवढंच सांगतो की ती अवघड नाही. बाळाच्या अंगावर टोपरं, मोजे आणि लंगोट, बाकी अंग उघडं. आईने पुढून उघडणारा झगा किंवा सैल ब्लाउज घालायचा. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. वरून मऊ सुती पट्टा. मग आईने बसावं, चालावं, पाठीला उशा लावून झोपावंसुद्धा. एका वेळी तासाभराहून कमी नको. आई ताप-अशक्तपणाने पडली असेल तर बाबांनी घ्यावं, मावशीने, आजीने घ्यावं. एका बापाला मी शर्ट काढायला सांगितलं तेव्हा तो कक्षातल्या बायकांसमोर संकोचला. तासाभराने त्याच्याकडून बाळ परत घेणं कठीण झालं.

आपल्या राज्याचं या गोष्टीशी जवळचं नातं आहे. आईचं दूध कमी पडणाऱ्या बाळांसाठी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला ऊब कशी राखावी, श्वास अडला तर काय करावं, जंतुसंसर्ग कसा ओळखावा. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अहवाल १९९९ साली छापून आला आणि २०११ पासून आशाताईंची घरभेट देशभर गेली. नवजात बाळाला वाचवायला दर वेळी मोठं रुग्णालय लागत नाही, हे आधी गडचिरोलीने दाखवलं. पुढे हरियाणात आठ हजारांहून अधिक कमी वजनाच्या बाळांची चाचणी झाली, त्यांतल्या एका गटाच्या घरी जाऊन कांगारू पद्धत शिकवली गेली. त्या गटात पहिल्या महिन्यातले मृत्यू दुसऱ्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी कमी झाले.

आता ज्यासाठी ही प्रस्तावना लिहायला बसलो ते सांगतो. या उपचाराचं वर्णन नेहमी 'बिनखर्चाचा' असं होतं. भाषणांत होतं, सरकारी पत्रकांतही होतं. मला हा शब्द चुकीचा वाटतो. दिवसाचे सतरा तास एक बाई बाळ छातीशी घेऊन बसते, तेव्हा खर्च होतो. तो फक्त कोणी वहीत लिहीत नाही. तिचे टाके ओले असतात. घरी मोठं मूल 'आई कुठंय' विचारत असतं. नवऱ्याची रोजची मजुरी बुडत असते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला रुग्णालयात मोफत जेवण आहे, साध्या बाळंतपणानंतर ३ दिवस, सिझेरियननंतर ७ दिवस. बाराशे ग्रॅमच्या बाळाचा मुक्काम महिनाभराचा असू शकतो. पुढच्या दिवसांची सोय कुठे होते, कुठे होत नाही. नाही झाली की ती बाई बाकावर आजीच्या डब्याची वाट बघते.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाच देशांतल्या चाचणीतली एक गोष्ट बातम्यांत फारशी आली नाही. तिथे नवजात कक्षाचीच मांडणी बदलली होती. बाळाच्या शेजारी आईचा पलंग आणला, बाळंतिणीची तपासणीही तिथेच होऊ लागली. आई पाहुणी राहिली नाही, ती कक्षातली रहिवासी झाली. आकडे बदलले ते या मांडणीसकट. 'माता कांगारू पद्धतीने बाळ घेतात' अशी पाटी लावून आणि कोपऱ्यात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवून ते बदलणार नाहीत. तास, दीड तास खुर्चीवर बसवणं म्हणजे त्या चाचणीतला दुसरा गट झाला.

इतकं लिहून एक सावधगिरीचा शब्द. छाती ही पेटीची, ऑक्सिजनची, औषधांची सवत नव्हे. ज्याला श्वासाचा आधार हवा त्याला तो द्यावाच लागतो. संसर्गाला प्रतिजैविकं लागतात. घरी गेल्यावर बाळ निळसर पडलं, दूध ओढेनासं झालं, छाती आत ओढून श्वास घेऊ लागलं, तर पट्टा घट्ट करत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. छातीवर ठेवल्याने उपचार थांबत नाहीत, ते बाळाला पेलवू लागतात. आणि एखाद्या आईला हे जमलं नाही, तिचं बाळ गेलं, तर तिच्या मायेत उणीव होती असं कोणी म्हणू नये. शंभरातली बारा बाळं त्या चांगल्या गटातही गेलीच होती.

पुस्तिका लहान आहे. सिस्टरांनी ती आशाताईंसाठी आणि परिचारिकांसाठी लिहिली, पण माझी विनंती आहे की ती सासूबाईंनी वाचावी, बापांनी वाचावी, आणि रुग्णालयाच्या खरेदी समितीवरच्यांनी तर जरूर वाचावी. पुढची पेटी मागवण्याच्या अर्जासोबत एक मागणी जोडा: पेटीशेजारी आईसाठी एक पलंग, दोन वेळचं जेवण आणि तिथे राहण्याची परवानगी. आणि दाराबाहेरचा तो बाक उचलून आत घ्या.